खावरनामा ते प्रतापगड : दख्खनचे अद्भुत आणि तुळजापूरचा इतिहास

१/
तुळजापूर आणि १६५९ हे दोन शब्द शेजारी आले की पुढचे नाव आपोआप ओठांवर येते : अफजलखान. ज्या विजापूर दरबाराने त्याला पाठवले, त्याच दरबारातील राणीने त्याआधी दहा वर्षे एका कवीकडून जादू, राक्षस, अजगर आणि मंतरलेले किल्ले यांनी भरलेले एक प्रचंड युद्धकाव्य लिहवून घेतले होते. आजचा थ्रेड त्या काव्याविषयी, आणि त्याच्या सोबतीने १६५९ कसे वाचावे याविषयी आहे.

२/
इस्लामी संस्कृतीच्या पार्श्वभूमीवर रचलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्या आज इंग्रजीत आवडीने वाचल्या जातात. सलादीन अहमद यांची 'थ्रोन ऑफ द क्रिसेंट मून' (२०१२) आणि एस. ए. चक्रवर्ती यांची 'द सिटी ऑफ ब्रास' (२०१७) ही त्यांतील ठळक नावे. जिन्न, तावीज, वाळवंटातील नगरे, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर. आपले तरुण वाचक त्यांवर तासन्‌तास बोलतात. याच जातीचे साहित्य तुळजापूरपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, मराठीच्या सख्ख्या शेजारणीच्या भाषेत, पावणेचारशे वर्षांपूर्वी लिहिले गेले, हे मात्र त्यांच्या कानी क्वचितच पडते.

३/
त्या काव्याचे नाव 'खावरनामा'. कवी कमालखान रुस्तमी. साल १६४९. भाषा दखनी. सुमारे २४,००० बैत, म्हणजे दोन-दोन चरणांच्या तितक्या जोड्या. मूळ काव्य फारसी, इब्न हुसाम या इराणी कवीने १४२६ च्या सुमारास पूर्ण केलेले. त्याच्यासमोर आदर्श होता फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'चा. इराणच्या प्राचीन वीरांच्या जागी त्याने हजरत अलींना नायक केले आणि धर्मपुरुषाला महाकाव्याच्या रणांगणावर उतरवले. रुस्तमीने ते सारे दख्खनच्या बोलीत आणले.

४/
कथानक असे. अली आपल्या साथीदारांसह खावर नावाच्या दूरच्या पूर्वदेशात जातात. तेथील राजांशी एकामागून एक युद्धे होतात. वाटेत अजगर, राक्षस, जादूगार, मंत्रांनी बांधलेले दुर्ग. हाती जुल्फिकार ही तलवार, बसायला दुलदुल हे वाहन. सोबत बळाने लढणारे वीर आहेत, तसाच वेषांतर आणि चातुर्य यांच्या जोरावर शत्रूला चकवणारा अम्र हाही आहे. खऱ्या अलींच्या चरित्रात अशी कुठलीही मोहीम नाही. कवीलाही ते ठाऊक होते. त्याला हवा होता तो अद्भुताचा विस्तीर्ण पट.

५/
एक गंमत येथेच नोंदवून ठेवू. फारसी कथांत 'देव' म्हणजे राक्षस. इराणी आणि भारतीय परंपरा फार प्राचीन काळी एकाच मुळातून फुटल्या आणि एकीचा देव तो दुसरीचा दानव झाला. मराठी वाचकाने खावरनामा उघडला तर पहिल्याच लढाईत अडखळण्याची वेळ येईल, कारण नायक 'देवां'ना ठार मारीत सुटलेला दिसेल. एकच शब्द दोन घरांत किती उलट अर्थाने नांदू शकतो, हे एवढ्यावरूनच कळते. पुढे १६५९ कडे जाताना हे ध्यानात असू द्या.

६/
खावरनामा एकटा नाही. अमीर हम्जाच्या दास्ताना संपूर्ण हिंदुस्थानात गाजत होत्या. अकबराने १५६२ च्या सुमारास त्यांची चित्रमालिका सुरू करवली. ती पूर्ण व्हायला सुमारे पंधरा वर्षे लागली आणि चित्रांची संख्या चौदाशेच्या घरात गेली. याच परंपरेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लखनौच्या नवलकिशोर छापखान्याचा 'तिलिस्म-ए-होशरुबा' निघाला. कर्बलाच्या सुडाची कथा सांगणारे जंगनामेही होते. मराठीत कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी आणल्या, त्या याच ओघाचा एक फाटा होत.

७/
विजापुरात जादू ही नुसती काव्यातली गोष्ट नव्हती. पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, १५७० मध्ये, 'नुजूम-उल-उलूम' नावाचा सचित्र कोश सिद्ध झाला. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथसंग्रहात आहे. ग्रहनक्षत्रे, हत्ती, घोडे, शस्त्रे यांच्याबरोबर त्यात तावीज आहेत आणि 'रूहानी' म्हणून ओळखलेल्या शक्तींची चित्रे आहेत. या शक्ती आपल्या योगिनींच्या अगदी जवळच्या. म्हणजे युद्धापूर्वी कोणती शक्ती कशी प्रसन्न करावी, याचा विचार सुलतानाच्या ग्रंथात होता आणि तो करताना दख्खनच्या देवीपरंपरेकडे पाठ फिरवलेली नव्हती.

८/
तुळजापूर तालुक्यातच याचा दगडी पुरावा पाहता येतो. नळदुर्गचा पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास बांधला गेला. बोरी नदीवर बंधारा आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल. पावसाळ्यात सांडव्यांवरून नर आणि मादी हे धबधबे कोसळत असतात आणि आतला माणूस कोरडा राहतो. कथेतील तिलिस्म म्हणजे बाहेरून न कळणारी, आत शिरल्यावर वेगळेच नियम चालणारी वास्तू. ती कल्पना मनात घोळवणाऱ्या काळाने ती स्थापत्यातही उतरवली, असे मला तेथे वाटते.

९/
याच दुसऱ्या इब्राहिमाने 'किताब-ए-नौरस' हा गीतसंग्रह दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीला व गणपतीला वंदन केले. हे सांगून विजापूरला आजच्या अर्थाने सर्वधर्मसमभावी ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्याच सल्तनतीच्या सैन्याने देवळे फोडल्याच्या नोंदीही आहेत. एका राज्याच्या जवळपास दोन शतकांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी मावतात. आपल्या डोक्यातही त्या एकत्र मावल्या पाहिजेत.

१०/
आता खावरनाम्याच्या आश्रयदात्रीकडे येऊ. खदीजा सुलताना ही गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुत्बशहाची कन्या आणि विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाची बेगम. मराठी साधनांतील बडी बेगम, बडी साहेबीण ती हीच. माहेर शिया परंपरेचे, साहित्याला आश्रय देणारे. पुढे १६६१ मध्ये ती वेंगुर्ल्याहून डच जहाजाने मक्केच्या यात्रेला निघाली. कोकणच्या किनाऱ्यापासून अरबस्तानपर्यंत दृष्टी असलेली ही बाई होती. तिला नुसती 'दुष्ट राणी' करून टाकणाऱ्या चित्रपटी पटकथांना ती पेलत नाही.

११/
१६४९ या सालाकडे पुन्हा पाहा. आदल्या वर्षी जुलैमध्ये कर्नाटकात जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद झाली. त्यांना विजापुरास आणणाऱ्यांत अफजलखान होता. राजांची सुटका झाली ती मे १६४९ मध्ये. म्हणजे एकाच वर्षी, एकाच शहरात, एकीकडे अलींच्या अद्भुत विजयांचे काव्य सिद्ध होत होते आणि दुसरीकडे शिवरायांचे वडील नजरकैदेत दिवस काढीत होते. काव्यातील कैदी एका मंत्राने सुटतात. शहाजीराजांच्या सुटकेसाठी कोंढाणा आणि बंगळूर परत द्यावे लागले.

१२/
राणीला हेच काव्य का हवे होते? तिने वाढवलेला राजपुत्र अली तेव्हा अकरा वर्षांचा होता. नाव अली, काव्याचा नायक अली. मुहम्मद आदिलशहा आजाराने खंगलेला. आईच्या मनात उद्याच्या राजासाठी एक आदर्श उभा करायचा होता, असा तर्क मला सयुक्तिक वाटतो. जिजाऊसाहेबांनी रामायण-महाभारताच्या कथा सांगितल्या, ही परंपरा आपण अभिमानाने सांगतो. दोनही वाड्यांत माता हेच करीत असाव्यात.

१३/
हा अली १६५६ मध्ये गादीवर बसला. पुढच्याच वर्षी औरंगजेबाची मोगल फौज विजापूरच्या मुलखात घुसली. ते संकट टळते न टळते तोच कोकणात आणि मावळात शिवरायांची सत्ता वाढलेली दिसली. १६५६ च्या आरंभीच जावळी गेली होती. आता काव्यातला अली होण्याची पाळी खऱ्या अलीची होती. दरबाराने काय केले? कुठल्याही जादूगाराला बोलावले नाही. विडा ठेवला, सरदार निवडला आणि फर्माने लिहिली.

१४/
त्यांतील एक फर्मान १६ जून १६५९ चे, कान्होजी जेध्यांना लिहिलेले. त्यात शिवाजीराजे कोकणातील मुसलमानांना उपद्रव देतात, बादशाही मुलूख व किल्ले घेतात, म्हणून अफजलखानाला नेमले आहे, तुम्ही त्याच्या हुकमात राहा, असा आशय आहे. सेवेची अपेक्षा आहे, तसा न ऐकणाऱ्याला धाकही आहे. धर्माचा उल्लेख आहे, पण पत्र ज्यांना लिहिले ते स्वतः हिंदू देशमुख. पत्राचा सारा भार वतन, मुलूख आणि निष्ठा यांवर आहे. कान्होजींनी वतनावर पाणी सोडले आणि ते महाराजांच्या बाजूने उभे राहिले.

१५/
येथे माझ्या मताचा पहिला खांब रोवतो. विजापूरच्या दरबाराला काव्य आणि कारभार यांतला फरक पक्का ठाऊक होता. अजगर आणि राक्षस हवे असतील तेव्हा त्यांनी रुस्तमीला कागद दिला. मावळचे देशमुख फोडायचे असतील तेव्हा मुनशीला. खावरनाम्यातील एकही राक्षस जेध्यांच्या फर्मानात शिरला नाही. आजचा समाजमाध्यमांवरचा इतिहास नेमका येथेच घसरतो. आपण फर्मानावर खावरनामा चढवतो.

१६/
मराठी बाजूकडे येऊ. अफजलखानाच्या वधावरचा अग्निदासाचा (अज्ञानदास असेही नाव आढळते) पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांतला अतिशय जुना आणि सर्वांत प्रसिद्ध. शाहीर स्वतःच सांगतो की तो जिजाऊसाहेबांसाठी गायला आणि त्याला घोडा व सोन्याचा तोडा बक्षीस मिळाला. कानावर पडताच छाती फुगावी, हा त्याचा हेतू. तो ऐकणारे बहुतेक लोक घटनेच्या काळातलेच होते. त्यामुळे त्यातील सरदारांची नावे, शस्त्रे, भेटीचा बारकावा यांना इतिहासकार मोल देतात. संख्या आणि संवाद मात्र जपून घेतात.

१७/
दुसरे काव्य 'शिवभारत'. नेवाशाच्या कवींद्र परमानंदांनी महाराजांच्या आज्ञेने रचलेले संस्कृत महाकाव्य. काशीच्या पंडितांना ही कथा सांगितली जात आहे, अशी त्याची मांडणी. आदर्श महाभारताचा. त्यामुळे शत्रुपक्ष दैत्यांच्या भाषेत वर्णिला जातो आणि नायक विष्णूच्या अंशाने येतो. रुस्तमीने शाहनाम्याचा साचा घेतला, परमानंदांनी भारताचा. साचे वेगळे, युक्ती एक. आपल्या काळाला जुन्या महाकाव्याच्या उंचीवर नेऊन बसवायचे.

१८/
भवानी तलवारीची कथा या काव्यात कशी आहे ते पाहा. देवी महाराजांना दर्शन देते आणि तुझ्या तलवारीत मी वास करीत आहे, असे सांगते. पुढच्या काळातील चित्रांत मात्र देवी प्रत्यक्ष तलवार हातात देताना दिसते. शक्तीचा वास शस्त्रात असणे ही श्रद्धा. शस्त्र स्वर्गातून येणे ही अद्भुतकथा. पहिलीचे रूपांतर दुसरीत व्हायला पिढ्या लागल्या. जुल्फिकारच्या बाबतीतही नेमका असाच प्रवास झाला आहे.

१९/
आता तुळजापूरचा प्रसंग. महाराष्ट्राला तो विशेषतः ठाऊक आहे तो सभासदाच्या बखरीमुळे. ती लिहिली गेली जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, घटनेनंतर सुमारे चार दशकांनी. खानाने भवानीची मूर्ती फोडून जात्यात भरडली, तेव्हा आकाशवाणी झाली की एकविसाव्या दिवशी तुझा अंत होईल. आता दिवस मोजा. खान वाईला जाऊन महिनोन्महिने मुक्काम करून राहिला होता आणि वध झाला १० नोव्हेंबर १६५९ रोजी. एकवीस हा आकडा पंचांगाचा दिसत नाही, पुराणाचा दिसतो.

२०/
मग मूर्ती फुटलीच नाही का? येथे घाई नको. तुळजा फोडल्याचा उल्लेख पोवाड्यातही आहे आणि तो घटनेच्या अगदी जवळचा. दुसरीकडे, विजापूरहून वाईला जाणाऱ्याच्या सरळ वाटेवर तुळजापूर येत नाही. सोलापूर गाठून आणखी पंचेचाळीस किलोमीटर ईशान्येस यावे लागते. तिसरी गोष्ट, तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून उतरवून पलंगावर निद्रेला नेतात. हलवता येणारी मूर्ती पुजाऱ्यांनी आधीच सुरक्षित हलवली असेल, असे मानणारे अभ्यासकही आहेत. एकमत नाही.

२१/
खानाच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या एका लेखात तो स्वतःला बंडखोर व काफिरांचा मारेकरी आणि मूर्तींचे पाये उखडणारा म्हणवून घेतो. अशा बिरुदांत अतिशयोक्ती असते, हे खरे. पण मूर्ती फोडणे ही मिरवण्याची गोष्ट वाटते, असा हा माणूस होता, एवढे त्यातून निश्चित होते. त्यामुळे तुळजापूरचा उपसर्ग सबंध कल्पित म्हणून झटकणे मला मान्य नाही. उपसर्ग झाला असणे शक्य, नव्हे संभाव्य. जाते आणि आकाशवाणी हा त्या दुःखावर चढलेला काव्याचा थर.

२२/
अद्भुताचा थर विजापूरच्या बाजूनेही चढला. शहराजवळ अफजलपुरा भागात 'साठ कबर' नावाचे ठिकाण आहे. ओळीने कबरी. दंतकथा सांगते की ज्योतिषाने मरण भाकीत केल्यावर खानाने निघण्यापूर्वी आपल्या साठच्या वर बायका मारून टाकल्या. कबरी खऱ्या, भोवतीची शांतता खरी. कथा मात्र दास्तानीच्या थाटाची : भाकीत, विहीर, रक्त, नियती. आणि पाहा, आपल्याकडील व्हॉट्सॲप संदेशांत हीच दंतकथा 'इतिहास' म्हणून आवडीने फिरते, कारण ती खानाला काळा रंग देते.

२३/
रुस्तमीनंतरचा मोठा दखनी कवी नुस्रती. 'गुलशन-ए-इश्क' या १६५७ च्या त्याच्या काव्यात मनोहर आणि मधुमालतीची प्रेमकथा आहे, पऱ्या आहेत, जादू आहे. १६६५ च्या 'अलीनामा'त मात्र दुसऱ्या अली आदिलशहाची खरी युद्धे आहेत. सिद्दी जौहर, पन्हाळा, मोगलांशी झुंज. त्यात शिवराय खलनायक आहेत, धूर्त आणि दगाबाज रंगवलेले. आपण परमानंदांचा दैत्य खान वाचतो, तेव्हा नुस्रतीचा शिवाजीही वाचण्याचे धैर्य हवे. दोघांचीही लेखणी दरबाराच्या मिठाला जागणारी.

२४/
आता माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. अद्भुत दिसले की फेकून द्यावे, हा एक आळस. अद्भुत दिसले की जसेच्या तसे खरे मानावे, हा दुसरा. कुठलेही जुने काव्य वा बखर हाती आली की तीन प्रश्न विचारा. हे कोणी लिहवून घेतले? कोणाच्या कानांसाठी? घटनेनंतर किती वर्षांनी? या तिन्हींची उत्तरे मिळाली की त्यातला राक्षसही साक्ष देऊ लागतो. तो त्या समाजाला कशाची भीती वाटत होती आणि कशाचा अभिमान होता, ते सांगतो.

२५/
हे प्रश्न न विचारल्याने काय बुडते? पहिले नुकसान महाराजांचेच होते. प्रतापगडाखालचे यश हा चमत्कार म्हणून सांगितले की त्यामागची तयारी दिसेनाशी होते. नवा बांधलेला गड, जावळीचे रान, पंताजी गोपीनाथांची वकिली, खानाला वाईहून डोंगरात ओढून आणण्याचा धीर, ठरलेल्या जागी दबा धरून बसलेल्या तुकड्या. आणि विजयाच्या दुसऱ्याच क्षणापासूनचा वेग : २८ नोव्हेंबरला, अवघ्या अठरा दिवसांत, पन्हाळा स्वराज्यात. चमत्काराला अशा नियोजनाची गरज नसते. महाराजांना होती आणि ते त्यांनी केले, यातच त्यांचे थोरपण आहे.

२६/
दुसरे नुकसान माणसांचे. अद्भुतकथेत दोनच रंग असतात. १६५९ मध्ये खानाच्या सैन्यात मंबाजी भोसले होते, पांढरे, खराटे, घाटगे, घोरपडे होते. खंडोजी खोपडे त्याला मिळाले होते. त्याचा वकील कृष्णाजी भास्कर. महाराजांच्या सोबतीला भेटीच्या वेळी निवडलेल्या विश्वासू माणसांत सिद्दी इब्राहिम. ही नावे पुसली की युद्ध दोन धर्मांचे एकसंध कथानक बनते. ती ठेवली की ते वतने, निष्ठा, वैर आणि स्वराज्याचे नवे स्वप्न यांच्या गुंत्यातले खरे युद्ध राहते.

२७/
सुडाचेही तसेच. कनकगिरीच्या वेढ्यात महाराजांचे थोरले बंधू संभाजीराजे पडले आणि मराठी परंपरा त्याचा दोष खानाला देते. वडिलांची बेडी, भावाचा मृत्यू, कुलदेवतेचा अपमान : एवढे असताना कथेतला नायक आंधळा होऊन धावला असता. महाराजांनी वाट पाहिली, पत्रे लिहिली, आपण भ्यालो आहोत असा समज शत्रूच्या मनात वाढू दिला. राग होता, पण तो त्यांनी धोरणाच्या ताब्यात ठेवला. सूडकथा म्हणून वाचणाऱ्याला हा संयम कधीच दिसत नाही.

२८/
एक आक्षेप येईल : देवीच्या कथेला काव्य म्हणणे हा श्रद्धेचा अवमान नव्हे काय? मला तसे वाटत नाही. तुळजापूरचा गोंधळी संबळावर रात्रभर देवीचे आख्यान लावतो तेव्हा ऐकणारा भक्त सनावळी तपासायला बसलेला नसतो. देवीला बोलवायचे असते, ती येते, पहाट होते. हे सत्य वेगळ्या जातीचे आहे आणि त्याला इतिहासाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. महाराजांनी १६६१ मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली, ती श्रद्धेने. गडाचे तट मात्र दगडचुन्याचेच बांधले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

२९/
दुसरा आक्षेप : शत्रूच्या दरबारचे साहित्य आपण का वाचावे? याचे उत्तर मराठवाड्यानेच दिले आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याचे देवीसिंग चौहान हे हैदराबाद मुक्तिलढ्यातले कार्यकर्ते, पुढे हैदराबाद राज्याचे मंत्री. निजामाशी लढलेल्या या माणसाने आयुष्याची कित्येक वर्षे दखनी हस्तलिखितांना दिली आणि 'मराठी आणि दक्खिनी हिंदी' हा ग्रंथ लिहिला. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी साधने मराठीत आणली. शिवकाल आपल्याला अधिक स्वच्छ दिसतो तो अशा वाचनामुळे.

३०/
या दोघांची पिढी निजामी राजवटीत उर्दू शाळांतून शिकली. ती सक्ती अन्यायाची होती आणि १९४८ नंतर ती संपली, हे योग्यच झाले. पण सक्तीबरोबर ती लिपी वाचणारे डोळेही हळूहळू मिटत गेले. आज जिल्ह्यातल्या एखाद्या वाड्यात जुना कागद सापडला तर तो वाचायला माणूस शोधावा लागतो. खरे संकट हे आहे. वाचणारा उरला नाही की कागदाचा अर्थ ज्याला हवा तो, हवा तसा सांगू लागतो.

३१/
मराठी मुलांसाठी ही वाट तुलनेने सोपी आहे, हे आवर्जून सांगतो. दखनीत 'नको' आहे. जोर देण्यासाठी शब्दाला लागणारा आपला 'च' आहे. मराठीतून गेलेले कितीतरी शब्द आहेत. दिल्ली-लखनौच्या वाचकाला जेथे अडते तेथे सोलापूर-तुळजापूरच्या वाचकाला ओळखीचे हसू येते. खावरनाम्याचे सचित्र हस्तलिखित लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. पण ते वाचण्यासाठी लागणारा कान आपल्या गावातच तयार झालेला आहे.

३२/
म्हणून तरुण मित्रांना दोन कामे सुचवतो. ज्यांना अद्भुतकथा लिहायची आहे त्यांनी खावरनामा, हम्जा आणि नुजूम-उल-उलूम यांकडे वळावे. तेथे एवढी सामग्री आहे की १६५९ ला राक्षस-देवदूतांचा खेळ करण्याची गरज पडणार नाही. आणि ज्यांना इतिहास लिहायचा आहे त्यांनी सहा महिने काढून ती लिपी शिकावी, मग जेध्यांचे फर्मान आणि अग्निदासाचा पोवाडा शेजारी ठेवून वाचावेत. कल्पनेला तिचे राज्य द्या आणि घटनेला तिचा पुरावा. तुळजापूरच्या वाट्याला आलेल्या त्या वर्षाचे ऋण फेडण्याचा याहून प्रामाणिक मार्ग मला दिसत नाही.